कागद येईपर्यंत

डीनबाई घाबरल्या आहेत, हे लॉ कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळू नये म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून जपत होत्या. रोज सकाळी कडक इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ मानेने त्या आवारातल्या आपल्या घरातून निघत, वाटेत भेटणाऱ्या पोरांना "केस कापा रे, वकील दिसा जरा" असं दटावत, आणि फाटकापर्यंत एक फेरी मारून मगच ऑफिसात जात. ती फेरी काही तब्येतीसाठी नव्हती. फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक राखाडी गाडी उभी असे. गाडीत दोन माणसं. गाडी कधी कुठे जायची नाही, तरी रोज पुसून लख्ख केलेली असायची. बाई दिसल्या की त्यातला एक जण काच खाली करून अदबीने म्हणायचा, "नमस्कार मॅडम." त्या नमस्कारानंतर ऑफिसात पोचल्यावर बाई आधी दाराची कडी लावत आणि मगच खुर्चीत बसत.

ती माणसं बाईंसाठी आलेली नव्हती. ती टाचणीसाठी होती.

टाचणी म्हणजे फौजदारी प्रक्रिया शिकवणारी तरुण प्राध्यापिका. अंगाने काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिलाही ते आवडायचं. तिने पीएचडी बाईंच्याच हाताखाली केली होती. बाईंना मूलबाळ नव्हतं, आणि टाचणी त्यांना मुलीसारखी आहे असं लोक म्हणत. लोक कमीच म्हणत होते. सरकारने वर्षभरात काही माणसं घरातून उचलली होती, आणि आता ती आपल्याकडे नाहीतच असं सरकार शांतपणे सांगत होतं. टाचणीने त्यांच्यासाठी कोर्टात अर्ज केले: माणूस समोर आणा. तेव्हापासून तिचे दिवस फिरले. एकदा ती भाड्याच्या खोलीवर परतली, तर कुलूप जागच्या जागी, चोरी काही नाही, फक्त तिची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली. बाईंनी त्याच दिवशी तिला सामानासकट आवारातल्या पाहुण्यांच्या खोलीत आणून ठेवलं.

कारण आवाराला फाटक होतं, आणि फाटकाची एक रीत होती. डीनच्या लेखी परवानगीशिवाय पोलिसांनी आत पाऊल टाकायचं नाही. कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं. पण देशातले निम्मे न्यायाधीश याच फाटकातून शिकून बाहेर पडले होते, त्यामुळे ती रीत मोडायची हिंमत आजवर एकाही सरकारने केली नव्हती. टाचणी आत होती तोवर सुरक्षित होती. फाटकाबाहेर तिचा भरवसा कुणीच देऊ शकत नव्हतं. एवढी साधी गोष्ट, पण तिने बाईंची झोप पार उडवली होती.

बाई कायद्याच्या इतिहासकार. तरुणपणी त्यांनी हा विषय घेतला तेव्हा त्यांच्या गाईडने कपाळाला हात लावला होता. "जिवंत माणसांचे खटले लढ, पोट भरेल. मेलेल्यांचे खटले वाचून काय मिळणार? खोकला?" खोकला तर मिळालाच. कोर्टांच्या रेकॉर्ड रूममधल्या धुळीत बाईंची सगळी उमेदीची वर्षं गेली, लग्नानंतरचे पहिले महिनेसुद्धा. पण त्यातून जे पुस्तक निघालं, त्याने त्यांना नाव दिलं, परदेशी विद्यापीठांची बोलावणी दिली आणि शेवटी डीनची खुर्ची दिली. पुस्तक होतं मागच्या एका हुकूमशाहीतल्या लॉ कॉलेजांबद्दल, ती कशी एकेक करून रिकामी झाली त्याबद्दल. बाईंनी दाखवून दिलं की त्या सगळ्याला एक क्रम होता. आधी सभा-समारंभांवर बंदी. मग नावांची विचारपूस. मग डीनच्या टेबलावर लेखी आदेश. आणि मग माणसं नाहीशी. ज्या डीननी आधीच आरडाओरडा केला, ते डोकं फिरलेले ठरले आणि पहिल्या झटक्यात गेले. ज्यांनी आदेशावर मुकाट सही केली, ते राहिले आणि त्यांची माणसं गेली. एकाच डीनने आदेश हातात पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग लेखी नकार दिला, कारणांसह. वरच्यांना त्या कागदाला उत्तर देता येईना. त्याच्या कॉलेजातलं एकही माणूस गेलं नाही.

त्या एका डीनच्या जोरावर बाईंची कीर्ती उभी होती, आणि आता धीरही. कागद येईपर्यंत हलायचं नाही, कागद आला की नकार द्यायचा. नकाराचा मसुदा त्यांनी तोंडपाठ करून ठेवला होता. केस विंचरताना, भाजी चिरताना त्यांचे ओठ हलत. नवरा दातांचा डॉक्टर, लोकांचे दात काढून काढून निवृत्त झालेला. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "दुसरं कलम खाल्लंस आज."

"तुम्हाला काय चेष्टा सुचतेय!"

"चेष्टा कसली? मला पाठ झालंय तुझ्याआधी. तू आजारी पडलीस तर मी जाऊन म्हणेन."

बाई हसायच्या. पण फोन वाजला की दोघंही एकदमच उचलायला उठायचे, आणि दोघंही आपली भीती एकमेकांना कळू द्यायचे नाहीत.

अशा दिवसांत एका सकाळी शिक्षण खात्याचे उपसचिव कॉलेजात आले. आधी फोन करून, वेळ घेऊन, एकटे. कधीकाळी ते बाईंचेच विद्यार्थी, इतिहासाच्या पेपरात पहिले आलेले. अजूनही बाईंसमोर बसताना कोटाचं बटण लावायचे. आला, बाईंच्या मनात आलं, कागद आला. त्यांनी टेबलाखाली एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि मनात पहिलं कलम सुरू केलं.

उपसचिवांनी चहा घेतला. बाईंच्या खोकल्याची चौकशी केली. भिंतीवरचे आजवरच्या डीन लोकांचे फोटो पाहून "या ओळीत तुम्हीच काय त्या हसताय" असं म्हणाले. बॅग उघडलीच नाही. शेवटी म्हणाले, "बाई, जुन्या खटल्याचा दिवस जवळ आला ना? कोर्टाचा हॉल नेहमीसारखा दिलाय तुम्हाला. मी मुद्दाम सांगायला आलो. कुणी काही उलटसुलट बोललं तर ऐकू नका."

जुन्या खटल्याचा दिवस ही बाईंनीच पाडलेली प्रथा. दर वर्षी मुलांनी इतिहासातला एक खटला नव्याने लढवायचा, दोन्ही बाजूंनी, आणि तोही खऱ्या कोर्टात. कोर्ट रस्त्याच्या पलीकडेच. सुट्टीच्या दिवशी मोठा हॉल कॉलेजला मिळायचा आणि बाई न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसायच्या.

"बंदी नाही?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"बंदी कशाला?" उपसचिव दुखावल्यासारखे झाले. "मी स्वतः येणार आहे. सगळे असतील ना? तुमचे सगळे प्राध्यापक असले की रंगत येते."

"बघू," बाई म्हणाल्या. "तू ये हं नक्की."

ते गेल्यावर बाई खुर्चीत मागे रेलल्या. आठवड्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी पोटभर श्वास घेतला. बंदी आली नाही म्हणजे पहिली पायरीच आली नाही. आणि पहिली नाही तर पुढच्या कुठल्या? आपणच आयुष्यभर अंधाऱ्या खोल्यांत बसून भित्र्या झालो, अशी त्यांनी स्वतःची कानउघाडणी केली. भीती सुटायला लागली की माणसाला केवढा शहाणपणा सुचतो!

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "तो टाचणीबद्दल काहीच बोलला नाही?"

"एक अक्षर नाही."

"हे मला आवडलं नाही. मीसुद्धा खुर्चीत बसलेल्या माणसाला आधी मुलाबाळांबद्दल विचारायचो. तोवर सुई हातात लपवलेली असायची."

"तुम्हाला सगळीकडे दातच दिसतात," बाई चिडल्या. चिडल्या, कारण त्यांच्याही मनात शंकेची पाल चुकचुकली होती आणि ती त्यांना नको होती.

टाचणी तर सरळ नाहीच म्हणाली. पाहुण्यांच्या खोलीत कॉटवर मांडी घालून, भोवती अर्जांचे गठ्ठे पसरून ती बसली होती. "बाई, मी फाटकाबाहेर येणार नाही. पोरांची तयारी झालीये, मी नसले तरी ती लढतील."

"आणि तू का आली नाहीस, असं सगळे विचारतील. लपलीस म्हणतील. माझ्या पुस्तकात बघ, ज्यांनी माणसं लपवली त्यांनी स्वतःहूनच गुन्हा कबूल केल्यासारखं झालं."

"गाडी बघता ना तुम्ही रोज?"

"बघते. अगं पण क्रम सुरूच झालेला नाही. बंदी नाही, विचारपूस नाही. आदेश तर फार लांब."

"माणसं उचलली की त्यांनी. ती क्रमाने उचलली?"

"ती बाहेरची. कॉलेजांच्या बाबतीत असं होत नाही. मी पाहिलंय सगळं."

टाचणीने हातातला अर्ज गठ्ठ्यावर ठेवला. बाईंनी पाहिलंय म्हटलं की ती वाद सोडून द्यायची. ते ती विद्यार्थिनी असल्यापासूनचं होतं. मग ती हसली. "बरं. मग लेखी द्या. लेखी असल्याशिवाय हलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

बाईही हसल्या. तिथेच उभ्या उभ्या कागद ओढून त्यांनी लिहिलं की सर्व प्राध्यापकांनी जुन्या खटल्यासाठी कोर्टाच्या हॉलमध्ये हजर राहावं, आणि खाली झोकात सही ठोकली. त्यांच्या कारकुनाने तो मजकूर टाइप करून नोटीस बोर्डावर लावला, आणि नेहमीच्या शिरस्त्याने एक प्रत शिक्षण खात्याला पाठवली.

खटल्याच्या दिवशी बाई आणि टाचणी बरोबरच निघाल्या. टाचणीने सकाळीच आईला फोन करून आपण कुठे जातोय ते सांगितलं होतं, त्यामुळे आता तिचाही जीव जरा मोकळा झाला होता. फाटकाशी पोचताच बाईंनी सवयीने समोर पाहिलं. गाडी नव्हती. जिथे ती उभी असायची तिथे रस्ता रिकामा होता.

"बघ!" बाई म्हणाल्या. आवाजात पोरीबाळींसारखा आनंद होता. "मी सांगत नव्हते?"

टाचणीने रिकाम्या जागेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बाईंचा हात धरला आणि दोघींनी रस्ता ओलांडला.

कोर्टाचा मोठा हॉल थंडगार होता. उंच खिडक्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेले लाकडी कठडे, जुन्या कागदांचा वास. बाई खुर्चीवर बसल्या. खाली मुलं काळे कोट सावरत होती, प्राध्यापक मागच्या बाकांवर कुजबुजत होते आणि उपसचिव पहिल्या रांगेत हात जोडून हसत होते. यंदाचा खटला होता भावाला घरात लपवणाऱ्या एका बहिणीचा. सरकारी बाजू मांडणारा पोरगा असा तावातावाने बोलला की बाईंना हसू आवरेना. त्यांनी टाचणीकडे पाहून भुवई उंचावली: तुझंच वळण! टाचणीने ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यापुरती भीती खरंच कुठे नव्हती.

मग मध्यंतर झालं. बाई खुर्चीतच बसून पाणी पीत होत्या. इतक्यात कोर्टाच्या गणवेशातला एक शिपाई टाचणीजवळ आला आणि वाकून काही बोलला. टाचणी ताडकन उठली. तिचा चेहरा उजळला होता.

"बाई," ती खालूनच म्हणाली, "रजिस्ट्रारसाहेबांनी बोलावलंय. माझ्या अर्जांना तारीख लागतेय म्हणे. जाऊन येऊ?"

कित्येक महिने ती याच तारखेसाठी झुरत होती. बाईंनी तिचा आनंद पाहिला आणि मान हलवली. जा. टाचणी शिपायामागून बाजूच्या दाराने गेली.

मध्यंतर संपलं. आरोपीची वकील झालेली मुलगी उभी राहिली. फार छान बोलत होती, पण बाईंचं लक्ष त्या दाराकडे होतं. आता येईल. हा मुद्दा संपेपर्यंत येईल. त्यांनी वाक्य लिहून घ्यायला पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. काहीतरी टोचत होतं. काय, ते कळत नव्हतं. हॉल आपल्याला मिळतो, कारण आज कोर्टाला सुट्टी असते. वकील नाहीत, पक्षकार नाहीत, न्यायाधीश नाहीत.

सुट्टीच्या दिवशी रजिस्ट्रार कुठून येणार?

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तीस-पस्तीस वर्षं कोर्टाच्या जिन्यांवरून वर-खाली केलेली बाई, आणि हे तिला समजू नये! एवढ्या वर्षांत सुनावणी मध्येच तोडून त्या कधी उठल्या नव्हत्या. त्या उठल्या. बोलणारी मुलगी थांबली. बाई पायऱ्या उतरून, कठड्याला धडकून, बाजूच्या दारातून पळत सुटल्या. लांब कॉरिडॉर. रजिस्ट्रारच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. त्यांनी ते ओढून पाहिलं. शेजारच्या दारांवर हात आपटले. टोकाला मागच्या अंगणात उघडणारा दरवाजा सताड उघडा होता, आणि अंगणात कुणीच नव्हतं.

"बाई, काय झालं?" मागून उपसचिव आले होते.

बाईंनी त्यांची बाही धरली. "कुठे आहे ती?"

"कोण?"

"तुला माहितीये कोण. आदेश दाखव. लेखी आदेश असल्याशिवाय तुम्हाला माणूस नेता येत नाही. आदेश दाखव मला!"

उपसचिवांनी बाही सोडवून घेतली नाही. वर्गात उभे राहायचे तसेच ते अदबीने उभे राहिले. "आदेश असता तर तुम्ही नकार दिला असता, बाई. कारणांसह."

बाईंनी बाही सोडली.

"तुमचं पुस्तक आमच्याकडे सगळ्यांना वाचायला लावलंय. मीच सुचवलं. मागचे लोक कुठे चुकले ते तुमच्याइतकं नीट कुणी मांडलेलं नाही. बंदी घातली, गवगवा झाला. आदेश काढला, अडकले." त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडे कसलीही नोंद नाही. मॅडम तुमच्या नोटिशीवरून आल्या होत्या आणि तुम्हाला विचारून हॉलमधून बाहेर गेल्या. सगळ्यांनी पाहिलंय."

बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी आयुष्यभर मुलांना पढवलं होतं की लिहून ठेवा, कुणीतरी वाचेल. हा पोरगा पहिल्या बाकावर बसून मन लावून वाचत होता, आणि बाई त्याला शाबासकी देत होत्या. केसाने गळा कापला होता, आणि केस बाईंनीच पुरवला होता.

"तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. आपण त्याला तुम्ही म्हणतो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "तुम्ही सांगाल ते करते मी. खुर्ची सोडते. पुस्तक चुकीचं आहे असं लिहून देते. तिला फक्त परत आणा हो."

"घरी जा, बाई," उपसचिव म्हणाले. त्यांनी बाईंच्या खांद्यावरून घसरलेली पर्स नीट अडकवून दिली. "खोकला सांभाळा."

पुढचे कित्येक तास बाईंनी पोलीस चौकीवर काढले. तिथल्या अंमलदाराने त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला आणि तक्रार काही लिहून घेतली नाही. "सज्ञान बाई आहेत, गेल्या असतील मैत्रिणीकडे," तो म्हणाला. नवरा शेजारी बसला होता. त्याला एकही विनोद सुचत नव्हता, आणि त्यानेच बाईंना जास्त भीती वाटत होती. ज्या ज्या न्यायाधीशांना शिकवलं होतं त्या सगळ्यांना बाईंनी फोन लावले. दोघांनी उचलले. एक म्हणाला, "बाई, लेखी काही आहे का?" दुसरा म्हणाला, "हा नंबर वापरू नका."

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा दोघं घरी परतली. खटल्यातली मुलं अजून काळ्या कोटांतच पायऱ्यांवर बसून होती. बाईंना बघून ती उठून उभी राहिली. बाई काहीतरी सांगतील म्हणून वाट बघत राहिली. बाई त्यांच्या मधून वाट काढत आत गेल्या.

आत गेल्या गेल्या फोन वाजला. नवऱ्याने हात पुढे केला, पण बाईंनीच उचलला.

"बाई ना? मी तिची आई बोलतेय." लांबून, जरा मोठ्याने बोलणारा आवाज. "तुम्हाला त्रास देते हं. तिचा फोन लागतच नाहीये दुपारपासून. इकडे शेजारी काहीबाही बोलतात, माझं तर धाबंच दणाणलं होतं. मग आठवलं, सकाळीच म्हणाली होती, आज बाई स्वतः घेऊन जाणार आहेत. मग म्हटलं, चला, मग काही काळजी नाही."

बाईंना बोलायचं होतं. पाठ केलेलं पहिलं कलमच तेवढं डोक्यात फिरत होतं, आणि ते या आईच्या काही कामाचं नव्हतं.

"हॅलो? ऐकू येतंय ना? खूप दमली असेल, मला माहितीये. कंटाळा करते ती फोनचा." आई हसली. "द्या ना तिला जरा. दोनच शब्द बोलते आणि ठेवते."